फुटलेला खडा बाहेर पडेपर्यंत : एका ट्रकचालकाचे शॉकनंतरचे २८ दिवस

चौदाव्या दिवशी तो दवाखान्यात आला तो हसतच. "डॉक्टर, मुतखडा पडला. पाच दिवस झाले, कळ नाही की काही नाही. गोळ्यासुद्धा बंद केल्या." हातात प्लास्टिकची डबी, तळाशी चिमूटभर करडी वाळू. दुसऱ्या आठवड्यात काढायच्या एक्स-रेची चिठ्ठी खिशात तशीच घडी घालून ठेवलेली. दुखतच नाही तर पैसे कशाला घालवायचे, असा त्याचा हिशेब.

मी म्हटलं, आजच काढून आणा.

संध्याकाळी फिल्म आली. डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात, मूत्राशयाच्या जरा अलीकडे, सुमारे ४ सेंटिमीटर लांबीची पांढऱ्या ठिपक्यांची रांग लागलेली होती. सगळ्यात पुढे ५ मिलिमीटरचा एक तुकडा, त्याच्या मागे नुसता चुरा. वैद्यकीय पुस्तकांत याला 'श्टाइनश्ट्रासे' म्हणतात. शब्द जर्मन आहे, अर्थ दगडांचा रस्ता. ट्रकचालकाला समजवायला मला जर्मन लागलं नाही. घाटात पुढे एक ट्रेलर आडवा झालाय आणि मागे पन्नास गाड्या उभ्या आहेत, एवढं सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण मग दुखत कसं नाही?"

हे प्रकरण लिहायचं कारण हाच प्रश्न. एक गोष्ट आधीच सांगतो. हा कोणी एकच माणूस नाही. शॉक, म्हणजे शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपचार, घेतल्यावर ज्यांचं असं झालं, अशांच्या कहाण्या जोडून मी हा एक रुग्ण उभा केला आहे, कोणाची ओळख पटू नये म्हणून. वळणं मात्र नेहमीचीच आहेत.

आधीची हकीकत

वय ४१. रावेर-सावद्याकडून केळी भरून दिल्लीकडे जाणारा ट्रक चालवतो. केळी हा थांबू न देणारा माल. उशीर झाला की गाडीतच पिकायला लागतो. त्यामुळे लघवीला थांबायला नको म्हणून पाणीच कमी प्यायचं, ही सवय पंधरा वर्षांची. त्यात जळगाव जिल्ह्यातला उन्हाळा आणि इंजिनाच्या उष्णतेने तापलेली केबिन. मुतखडा व्हायला आणखी काय हवं?

मे महिन्यात डाव्या कुशीत कळ उठली, जांघेपर्यंत गेली, उलट्या झाल्या. सोनोग्राफीत खडा दिसला, मग सीटी स्कॅन केला. डाव्या किडनीच्या मधल्या पोकळीत, म्हणजे जिथून मूत्रवाहिनी सुरू होते तिथे, १३ मिलिमीटरचा खडा. घनता ८५० हाउन्सफील्ड युनिट (सीटी स्कॅनमध्ये घनता मोजण्याचं एकक), त्वचेपासून अंतर ९ सेंटिमीटर. हे दोन आकडे शॉकच्या निर्णयात महत्त्वाचे. घनता हजाराच्या वर गेली किंवा माणूस जाड असून अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं, तर शॉकने खडा नीट फुटत नाही. त्याचे दोन्ही आकडे हद्दीत होते. किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, क्रिएटिनिन, १.१, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत, रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. युरॉलॉजिस्टनी दोन्ही मार्ग समोर ठेवले, दुर्बिणीने काढणं किंवा बाहेरून शॉक. त्याने शॉक निवडला. भूल नको, आत स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) नको, आणि गाडीवर लवकर जाता येईल.

या यंत्राची गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. डॉर्नियर ही विमानं बनवणारी जर्मन कंपनी. अतिवेगाने उडणाऱ्या विमानाच्या पत्र्यावर पावसाचे थेंब आदळले की काय नुकसान होतं, याचा अभ्यास करताना तिथल्या अभियंत्यांचं लक्ष आघातलहरींकडे गेलं. त्यातून पुढे खडे फोडण्याचं यंत्र झालं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला ख्रिस्तियन शॉसी यांच्या चमूने पहिल्या रुग्णावर ते वापरलं. त्या वेळी माणसाला पाण्याच्या टबात बसवत. आता पाण्याची उशी आणि जेल पुरतं.

आमच्या रुग्णाला मिनिटाला ६० या संथ गतीने ३००० शॉक दिले, म्हणजे पन्नास मिनिटं. घाई करून मिनिटाला १२० दिले तर खडा कमी फुटतो आणि किडनीला इजा जास्त होते, हे आता सर्वमान्य आहे. संध्याकाळी तो घरी गेला, हातात एक चिठ्ठी घेऊन.

चिठ्ठीवर काय होतं

टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर, चार आठवडे. डायक्लोफेनॅक, दुखेल तेव्हाच. पित्ताची गोळी. भरपूर पाणी. लघवी गाळून खडे जमवा. ताप आला तर ताबडतोब या. दुसऱ्या आठवड्यात एक्स-रे.

सात ओळींतल्या शेवटच्या दोन सगळ्यात मोलाच्या होत्या, आणि त्याच सगळ्यात खाली, घाईच्या अक्षरात होत्या. यात कोणा एकाचा दोष काढत नाही, माझ्याही चिठ्ठ्या अशाच असतात.

शॉक खडा फोडतो, बाहेर काढत नाही. ते काम मूत्रवाहिनीचं. ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. तिच्या तीन जागा आणखी अरुंद आहेत: किडनीतून निघते तिथे, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडा अडकतो तो बहुतेक शेवटच्या जागी. नळीच्या भिंतीत स्नायू असतो, तो लाटेसारखा आकुंचन पावत लघवी खाली ढकलतो. मध्ये टोकदार तुकडा आला की तोच स्नायू आवळून धरतो, भिंत सुजते, वाट आणखी अरुंद होते. खालच्या भागातल्या स्नायूवर अल्फा-वन नावाचे ग्राहक, म्हणजे आकुंचनाचा निरोप घेणाऱ्या जागा, दाट असतात. टॅम्सुलोसिन त्यांना अडवतं. आवळ सैल होते, पण ढकलणारी लाट पूर्ण थांबत नाही. कल्पना अशी आहे.

ही गोळी मुळात प्रोस्टेटची. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, पाकीट पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही तर माझीच गोळी!" घरात हशा पिकला. ४१व्या वर्षी म्हातारपणाची गोळी. केमिस्टनेही विचारलं, तुम्हाला प्रोस्टेटचा त्रास आहे का. हे त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं, आणि पुढचं सगळं तिथून बिघडलं.

पहिले चौदा दिवस

पहिल्या दिवशी लघवी लालसर झाली, दुसऱ्या दिवशी निवळली. शॉकनंतर एक-दोन दिवस असं चालतं. तिसऱ्या दिवसापासून गाळणीत वाळू येऊ लागली. त्याच रात्री कळ आली. डायक्लोफेनॅकने उतरली. या कळेवर डायक्लोफेनॅकसारखी औषधंच पहिली निवड, कारण ती नुसती वेदना दाबत नाहीत, किडनीतला वाढलेला दाब आणि नळीची सूजही कमी करतात. किडनी आधीच कमजोर असेल किंवा पोटात अल्सर असेल तर मात्र ती टाळायची. आपल्याकडे कळेवर सर्रास दिलं जाणारं ड्रोटाव्हेरिन माझ्याही कपाटात आहे. त्याने खडा लवकर पडतो असं मी रुग्णाला सांगत नाही.

कळ चालू असताना घरच्यांनी त्याला तासाभरात तीन लिटर पाणी पाजलं. पाण्याच्या जोराने खडा ढकलला जातो ही समजूत पक्की आहे. नळी तुंबलेली असताना वरून पाणी वाढवलं की दाब वाढतो आणि कळही वाढते. पाणी दिवसभर, थोडं थोडं, कळ नसताना प्यायचं. कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानंही झाली. कुळथाच्या कढणाला माझी हरकत नसते, तेवढंच पाणी पोटात जातं. कोणीतरी बिअर सुचवली. ती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आधीच रक्तदाब उतरवणारी गोळी, म्हणजे हेच टॅम्सुलोसिन, चालू असलेला माणूस चक्कर येऊन पडेल.

पाचव्या दिवशी त्याने टॅम्सुलोसिन बंद केलं. का, ते मला चौदाव्या दिवशी, कंपाउंडरला बाहेर पाठवल्यावर कळलं. उठताना गरगरायचं, हे त्याने सहज सांगितलं. दुसरं सांगायला पाच मिनिटं लागली. संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येईना. आप्पांची गोळी खाल्ली आणि आपण आप्पांसारखे झालो, असं त्याच्या मनाने घेतलं. बायकोला सांगवेना, डॉक्टरांना विचारवेना. गोळी कचऱ्यात टाकली.

हा या औषधाचा माहीत असलेला, नेहमीचा परिणाम आहे. सिलोडोसिन ही त्याच कुळातली दुसरी गोळी, तिच्यात तो आणखी जास्त दिसतो. ताकद जात नाही, इजा होत नाही, गोळी थांबवली की काही दिवसांत सगळं पूर्ववत होतं. चिठ्ठी देताना दोन वाक्यं बोलली असती तर नऊ दिवस वाया गेले नसते. आपल्याकडे डॉक्टर हे बोलत नाहीत, कारण बाजूला आई किंवा सासरा बसलेला असतो. मग त्यांना बाहेर बसवावं.

नवव्या दिवशी कळ थांबली, आणि त्याने खडा पडला असं धरलं. आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. कळ येते ती तुंबलेल्या लघवीच्या दाबाने किडनी ताणली गेल्यामुळे. तुंबलेली किडनी हळूहळू लघवी कमी तयार करते, दाब उतरतो, दुखणं जातं. अडथळा जागेवरच असतो. आठवडेच्या आठवडे असं राहिलं तर ती किडनी कायमची निकामी होऊ शकते, आणि माणूस त्या काळात मजेत जेवतखात असतो.

आता करायचं काय

त्याच संध्याकाळी सोनोग्राफी केली. डाव्या किडनीला सौम्य सूज. क्रिएटिनिन १.२. ताप नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत. युरॉलॉजिस्टशी फोनवर बोललो.

ताप असता तर चर्चाच नव्हती. तुंबलेली किडनी आणि त्यात जंतुसंसर्ग म्हणजे काही तासांत माणूस हातचा जाऊ शकतो. तिथे गोळी, पाणी, कुळीथ काही नाही. पाठीतून किडनीत नळी घालून किंवा आतून स्टेंट टाकून आधी लघवीला वाट करून द्यायची, अँटिबायोटिक द्यायचं, खड्याचं नंतर पाहायचं. ताप नव्हता, म्हणून तीन वाटा उरल्या: पुढच्या मोठ्या तुकड्यावर पुन्हा शॉक, दुर्बिणीने सगळी रांग साफ करणं, किंवा गोळी पुन्हा सुरू करून नजर ठेवणं. रांगेत सगळा बारीक चुराच असेल तर ती बहुतेक वेळा आपोआप सरकते. सगळे तुकडे मोठे असतील तर वाट पाहण्यात अर्थ नसतो. याचा प्रकार मधला होता, पुढे ५ मिलिमीटर आणि मागे भुकटी. आम्ही दोन आठवडे दिले, एका अटीवर: दर चार दिवसांनी मला तोंड दाखवायचं आणि गाडीवर जायचं नाही. दिल्लीच्या वाटेवर ताप भरला तर काय करणार?

गोळी पुन्हा सुरू करायला तो सहज तयार झाला नाही. "हिच्याने नक्की पडतो का?" असं विचारलं. रास्त प्रश्न होता. मी त्याला जे सांगितलं ते इथे जरा विस्ताराने लिहितो, कारण यावर डॉक्टरांतच दोन तट आहेत.

शॉक न देता, आपोआप नळीत उतरलेल्या खड्यावर ही गोळी वर्षानुवर्षं दिली गेली. मग २०१५ मध्ये ब्रिटनमधली 'सस्पेंड' ही चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. २४ रुग्णालयं, ११६७ रुग्ण. चार आठवड्यांत पुढची शस्त्रक्रिया लागली नाही असे टॅम्सुलोसिनच्या गटात ८१ टक्के, खोट्या गोळीच्या गटात ८० टक्के. रक्तदाबाच्या निफेडिपिनचेही ८० टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेत ५१२ रुग्णांवर पुन्हा तेच दिसलं, ५० विरुद्ध ४७ टक्के. अनेकांनी गोळी सोडून दिली. पण त्याच वर्षी चीनमधल्या ३० केंद्रांत ३२९६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, नळीच्या खालच्या भागातल्या ४ ते ७ मिलिमीटरच्या खड्यांवर. तिथे ८६ विरुद्ध ७९ टक्के असा फरक दिसला, आणि तो मुख्यतः ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांत. बारीक खडा गोळीशिवायही पडतोच, त्यामुळे फरक दिसणार कुठून?

शॉकनंतरच्या तुकड्यांचा हिशेब वेगळा मांडला गेला. कॉक्रेन ही अनेक चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०२० च्या आढाव्यात ४० चाचण्या, ४७९३ रुग्ण. त्यातला अंदाज असा: गोळी न घेता हजारांपैकी सुमारे ६९४ जणांचे तुकडे साफ होतात, गोळीने त्यात १११ ची भर पडते. म्हणजे नऊ जणांनी घेतली तर एकाला तिचा उपयोग, सहा जणांचं तसंही झालंच असतं, आणि उरलेल्या दोघांचं तरीही होत नाही. तुकडे सरासरी पावणेचार दिवस लवकर पडतात, गंभीर त्रासही कमी दिसला. मात्र आढावा करणाऱ्यांनीच पुराव्याची खात्री कमी ठरवली, कारण बऱ्याच चाचण्या लहान आणि ढिसाळ. अमेरिकन युरॉलॉजी संघटनेची भाषाही सावध आहे: शॉकनंतर ही गोळी देता येईल. द्यायलाच हवी असं ती म्हणत नाही.

त्याच्या चुलतभावाच्या जुन्या चिठ्ठीवर याच गोळीसोबत डेफ्लॅझाकोर्ट हे स्टेरॉइड होतं, सूज उतरवायला. मी ते टाळलं. तपासणी चालू असताना ताप झाकणारं औषध मला नको होतं.

ट्रकवाल्याला मी नऊ गाड्यांचा हिशेब सांगितला. त्याने विचार केला, म्हणाला, "दोन आठवडेच ना?" गोळी झोपण्याआधी जेवणानंतर घ्यायची, रात्री उठताना आधी पलंगावर मिनिटभर बसायचं, आणि वीर्याचं आधीच सांगून ठेवलेलं. एवढ्यावर तो तयार झाला. त्याचा रक्तदाब मी झोपवून आणि उभं करून मोजला. फरक थोडाच होता.

आप्पा बाहेर बाकावर बसले होते. त्यांच्या मोतीबिंदूची तारीख पुढच्या महिन्यात होती. त्यांना मी आत बोलावून म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी घेतो असं नक्की सांगा. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांत शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडून फडफडतो. २००५ मध्ये चँग आणि कॅम्बेल या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी ते प्रथम लिहिलं. नुसती गोळी थांबवून हा धोका जातोच असं नाही, पण सर्जनला आधी कळलं तर तो तयारीने उतरतो. मुलाच्या खड्यापायी बापाचा डोळा सांभाळला गेला.

अठरावा ते अठ्ठाविसावा दिवस

अठराव्या दिवशी काही बदल नाही. सूज तेवढीच, ताप नाही. बायकोने पाण्याचा हिशेब भिंतीवर रेघा मारून ठेवला होता. लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर व्हावी एवढं पाणी.

एकविसाव्या रात्री दोनला फोन वाजला. कळ परत आली होती, पहिल्यापेक्षा जोरात, आणि थेंब थेंब लघवीची घाई. मी पहिला प्रश्न विचारला, ताप किती? थर्मामीटर घरात आणून ठेवायला लावला होता. ताप नव्हता. घाई म्हणजे तुकडा मूत्राशयाच्या दाराशी आला असावा. डायक्लोफेनॅक घ्या, सकाळी या, थंडी वाजली तर सकाळची वाट पाहू नका. पहाटे गाळणीत टक्कन आवाज झाला. तुरीच्या डाळीएवढा, करवतीसारख्या कडांचा तुकडा. त्यानंतर दोन दिवस नुसती वाळू येत राहिली.

गोळीने पडला का? मला माहीत नाही, आणि या एका माणसावरून कोणालाच कळणार नाही. नऊपैकी तो उपयोग झालेला एक असेल किंवा तसंही झालं असतं अशा सहांपैकी एक.

अठ्ठाविसाव्या दिवशी एक्स-रेत मूत्रवाहिनी मोकळी, सोनोग्राफीत सूज गेलेली. टॅम्सुलोसिन बंद केलं. तुकड्याच्या तपासणीत कॅल्शियम ऑक्झलेट निघालं. किडनीच्या तळच्या कप्प्यात मात्र ३ मिलिमीटरचा एक कण राहिला होता. तळातून वर चढून बाहेर पडायचं, म्हणून तिथले कण हट्टी असतात. भरपूर पाणी पाजून, डोकं खाली करून, पाठीवर थापट्या देत असे कण हलवण्याची एक पद्धत आहे. काही केंद्रं ती करतात. आमच्या रुग्णाने ऐकूनच नको म्हटलं. अशा कणांना वैद्यकीय भाषेत 'बिनमहत्त्वाचे' म्हणायची रीत होती. ते नाव मला पटत नाही. त्यांतले काही पुढे वाढतात आणि पुन्हा कळ आणतात. म्हणून पोटॅशियम सायट्रेट सुरू केलं, मीठ कमी, मटण आठवड्यातून एकदा. दूध बंद करायचं का, हे त्याने विचारलंच. नाही करायचं. इटलीतल्या बोर्गी यांनी १२० पुरुषांना पाच वर्षं पाहिलं, २००२ मध्ये लिहिलं: नेहमीएवढं कॅल्शियम पण कमी मीठ-मांस घेणाऱ्यांत पुन्हा खडा झाला २० टक्क्यांना, कॅल्शियम तोडलेल्यांत ३८ टक्क्यांना.

"आणि केळी?" त्याने विचारलं. केळी खा, म्हटलं, फुकटच तर मिळतात.

केबिनमध्ये पाण्याचा पाच लिटरचा जार बांधून घेतलाय, असं त्याने सांगितलं. दर तीन तासांनी थांबायचं मालकाशी बोलून ठरवलंय म्हणे. मालक किती दिवस ऐकेल, देव जाणे. तीन महिन्यांनंतरच्या सोनोग्राफीची तारीख मी सांगितली. या वेळी चिठ्ठी नको म्हणाला. खिशातली बिल्टी काढली आणि तिच्या पाठीवर स्वतःच्या अक्षरात तारीख लिहून घेतली.